आवसकरांचा शनिवार

कवडीपाटला पुलाखाली नदीला फेस असतो
आणि फेसात पक्षी.
वास पहिली दहा मिनिटं येतो,
मग नाकच नाद सोडतं.

इझिकेल आवसकर, रास्ता पेठ.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
चौतीस वर्षं काडतुसं तपासलेला माणूस.
पहिल्याच दिवशी म्हणाले, कॅमेरा खाली ठेव.
पक्ष्याच्या मागे धावू नकोस.
तो कुठे येणार ते ओळख,
आणि तिथे आधीच जुनी होऊन बस.

शनिवारी ते कॅमेऱ्याला हात लावत नसत.
शब्बाथ.
बसने यायचे मात्र.
"एवढं तो बघून न बघितल्यासारखं करतो," म्हणायचे,
आणि हात पाठीशी बांधून
तीन तीन तास काठावर उभे.
बाकी आम्ही सगळे खटाखट, खटाखट.
रविवारी त्यांचे फोटो
आमच्यापेक्षा अर्धा सेकंद आधीचे असत.

राखी बगळ्याची मान झुलतेय तोवर चहा पी.
झुलायची थांबली, की कप टाक.

कवड्या खंड्या हवेत जागच्या जागी फडफडतो,
तेव्हाच सगळे बटण दाबून मोकळे होतात.
तू चोच बघ.
चोच सरळ पाण्याकडे वळली,
की मग.

टिटवी पंख मोडल्याचं सोंग घेऊन लंगडायला लागली,
तर फोटो नको.
तुझ्या पायाशी कुठेतरी अंडी आहेत.
(तेव्हा माझा एक पाय हवेतच होता.)
आलीस त्याच पावलांवर पाऊल ठेवत मागे ये, बाई,
आणि उन्हाच्या आत ये,
तिला पोट भिजवून आणायचंय अंड्यांसाठी.

वारा पाठीवर घे.
पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणजे तुझ्याकडे.
तिवईला त्यांनी लाल दोरा बांधला होता,
मिठाईच्या खोक्याचा,
तो कुठे उडतो ते बघून उभं राहायची जागा ठरवायचे.

आणि घार? घार उडणार, हे कसं ओळखायचं?
हसले.
शिटते ती आधी.
शेपटी उचलते, हलकी होते, पुढे झुकते.
वजन टाकल्याशिवाय कोणी उडत नाही.

मी वहीत लिहिलं:
शीट, झुकणं, उड्डाण.
शटर दोन हजारावर.

दिवाळीनंतर त्यांनी तिवई
सोसायटीच्या वॉचमनच्या पोराला दिली.
पक्ष्यांच्या नोंदींच्या अकरा वह्या कॉलेजला.
लोणीच्या नाक्यावर चहावाल्याची उधारी मिटवली,
वर पन्नास रुपये ठेवले, पुढच्यासाठी म्हणून.
चारशेची लेन्स माझ्या हातात दिली:
मनगटाला जड होते आता.
मी ती उन्हाकडे धरून
आत बुरशी आहे का, ते बघत राहिले.
बस आली.
पायरीवर ते जरासे पुढे झुकून उभे होते.

मी लॅबमध्ये रक्त तपासते.
काचेवरच्या पांढऱ्या पेशी मोजताना
माझी एकही सुटत नाही.

फोन गुरुवारी आला.

आज शनिवार.
कॅमेरा पिशवीत आहे, पिशवीची चेन लावलेली.
पलीकडच्या वाळक्या बाभळीवर घार,
कधीची, अगदी सावकाश,
पिसं विंचरतेय.
लेन्सच्या पट्ट्याला तो लाल दोरा,
कधी बांधला त्यांनी, कळलंच नाही.
दोरा माझ्याकडे उडतोय.
म्हणजे वारा तोंडावर, जागा चुकीची.
उडाली तर पाठ दाखवून जाईल.

घारीने शेपटी उचलली.
माझी तर्जनी हवेतच दाबली गेली.

मी जागा बदलली नाही.